शकुबाईनं न धरलेला विंझणा

मी एक जुना विंझणा आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण मला हातपंखा म्हणतील, त्यालाही माझी हरकत नाही. पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मला स्वस्थ बसवत नाही. हललो तर मी वारा, थांबलो तर शिंदीची चार वाळकी पाती, हे मला चांगलं ठाऊक आहे आणि म्हणून थांबण्याची मला धास्ती वाटते. खिळ्याला टांगलेला विंझणा आणि खळ्यात मुसकं बांधलेला बैल, दोघांची तगमग सारखीच. तेव्हा सांगताना मध्येच घाई झाली, थोडं इकडेतिकडे झालं, तर सांभाळून घ्या.

मला विणलं साळूबाईनं. ती पेठच्या बाजूची. ओढ्याकाठच्या शिंदीची कोवळी पाती तोडायची, सावलीत वाळवायची आणि गुडघ्याखाली दाबून विणायची. उन्हात वाळवलेली पाती तडकतात, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, कुणी विचारो न विचारो. विणून झालं की वेळूची दांडी बसायची आणि काठाला लाल कापडाची पट्टी. मग ती प्रत्येक विंझणा स्वतःच्या तोंडापुढे हलवून बघायची. कपाळावरची बट उडाली तर तो बाजारात जायचा, नाही उडाली तर उसवला जायचा. माझ्या पहिल्याच फेऱ्याला तिची बट उडाली आणि वर कानामागचं फूलही पडलं. हे मी आजवर भेटेल त्याला ऐकवलं आहे.

गोदेकाठच्या बुधवारच्या बाजारात मला मंगलानं उचललं. तिचं नुकतंच लग्न झालं होतं. तिचा नवरा भिकन ओझरच्या विमानांच्या कारखान्यात कामाला होता. पहाटेच्या बसनं जायचा आणि दुपार कलल्यावर परतायचा. त्यांची खोली शहराच्या कडेला, बौद्ध मंडळींच्या वसाहतीत होती. कुणी कारखान्यात, कुणी नगरपालिकेत, एकदोन मास्तर, अशी तिथली वस्ती. भिंती पक्क्या, पण डोक्यावर पत्रे. पत्र्याखालचा नाशिकचा वैशाख ज्यांनी काढला आहे त्यांना मी काय सांगणार? ज्यांनी काढला नाही त्यांनी तव्यावरच्या भाकरीला विचारावं.

माझे ते दिवस मोठ्या मानाचे होते. मंगला मला चुलीजवळ नेत नसे. चुलीसाठी फुंकणी होती, मी माणसांसाठी होतो. भिकन कामावरून आला की आधी मला शोधायचा, मग पाण्याचा तांब्या. विजेचा पंखा दिवाळीनंतर घेऊ, असं तो दर उन्हाळ्यात म्हणायचा आणि मी मनातल्या मनात दिवाळीला लांब राहायला सांगायचो. शेजारची गोजराबाई तर नुसती माझ्या वाऱ्याला यायची. पदर सैल करून उंबऱ्यात बसायची, मला घ्यायची आणि सगळ्या वसाहतीला सल्ले द्यायची. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तशा ती उंबऱ्यावरून लोकांचे संसार हाकत असे. तरी मला ती आवडायची, कारण बोलण्याच्या भरात तिचा हात थांबत नसे.

मग एका श्रावणात मंगलाला मुलगी झाली. नाव ठेवलं यशोधरा. एवढं मोठं नाव एवढ्याशा जिवाला कसं पेलणार, म्हणून सगळे यशी म्हणू लागले. आणि यशीला सांभाळायला भिकनची आई गावाहून आली. तिचं नाव शकुबाई.

शकुबाईचं गाव इगतपुरीच्या वर, घाटमाथ्यावर. तिथं पाऊस सुरू झाला की चार महिने वाळत घातलेलं लुगडं वाळत नाही. भाताच्या चिखलात उभं राहून तिचं आयुष्य गेलेलं. तान्ह्या मुलाला सांभाळायचं म्हणजे ऊब द्यायची, एवढं तिला पक्कं माहीत होतं, आणि तिच्या गावी ते खरंही होतं. तिनं येताना स्वतः विणलेला लोकरीचा सदरा आणला, कानांवर घट्ट बसणारं टोपडं आणलं, गोधडी आणली. यशीला ती तेलानं अशी माखायची की पोर हातातून निसटेल की काय असं वाटे. थंडीत हे सगळं शोभून दिसलं. यशी गुटगुटीत झाली आणि गोजराबाईनं चार घरी जाऊन सांगितलं, की सासू असावी तर अशी.

फक्त एक गोष्ट मला खुपायची. शकुबाई मला हात लावत नसे. फाल्गुन सरला, चैत्र लागला, घामाच्या धारा लागल्या, तरी ती पदरानं तोंड पुसायची, पण मला घेत नसे. मंगला यशीला वारा घालायला बसली की ती उठून बाहेर दाराशी जाऊन बसायची. एकदा भिकननं मला तिच्या हातात द्यायला धरलं, तर तिनं हात पाठीमागे घेतले. मला फार राग आला. एवढा काय मी वाईट? साळूबाईच्या हातचा, लाल काठाचा! म्हातारीला विंझण्याची किंमत नाही, असं मी ठरवून टाकलं.

वैशाखात पत्रे बोलायला लागले. तापले की कट्कट् वाजायचे. यशी तेव्हा रांगायला लागली होती. पण अंगात लोकरीचा सदरा, डोक्याला टोपडं, सर्वांगाला तेल. मंगला दुपारी हळूच सदरा काढायची आणि शकुबाई तो पुन्हा घालायची. दोघी एकमेकींना काही बोलत नसत. सदराच तेवढा वरखाली होत असे.

एका दुपारी मंगला यशीला पुसत होती आणि थांबली. पोरीच्या मानेवर, पाठीवर, काखेत आणि मांड्यांच्या घड्यांत बारीक बारीक लाल पुरळ उठला होता. राजगिऱ्याचे दाणे चिकटावेत तसा. यशी मान घासत होती आणि किरकिरत होती. मंगलानं शकुबाईला हाक मारली. शकुबाई आली, वाकली आणि तिचा चेहरा एकदम उतरला.

"गोवर हाय ह्यो," ती म्हणाली.

मित्रांनो, घाटमाथ्यावरच्या गार हवेत घामोळं कुणाला फारसं माहीत असणार? शकुबाईनं लहान मुलाच्या अंगावर वैशाखातला लाल पुरळ आयुष्यात एकदाच पाहिला होता आणि तो गोवर होता. तिला दुसरं काही सुचलंच नाही. तिनं उठून खिडकी लावली. खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या. दारावर गोणपाट टांगलं. गोवराला वारा लागला की तो आत जातो आणि आत गेला की लेकरू हाती लागत नाही, असं तिच्या गावचे सगळे सांगत. म्हणून यशीला गोधडीत गुंडाळलं, आंघोळ बंद झाली, घरात फोडणी द्यायची नाही असं ठरलं. निंबाचा डहाळा आणून ती दारावर खोचायला गेली, पण भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे तिचं लक्ष गेलं आणि हात खाली आला. देवी, नवस, अंगात येणं हे सगळं त्या घरानं केव्हाच सोडलं होतं. डहाळा तिनं गुपचूप यशीच्या उशाशी ठेवला आणि औषध म्हणून ठेवलाय असं कुणी न विचारताच सांगितलं. देव घराबाहेर गेले होते, भीती मात्र कोपऱ्यात बसून होती.

आणि मी? मला तिनं काठीच्या टोकानं उचललं, हात न लावता, आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं. यशीच्या बरोबर वर.

त्या दिवसांची आठवण झाली की आजही माझी पाती कुरकुरतात. खाली पोर गोधडीत उकडत होती. तिचा तांबडा झालेला चेहरा मला दिसत होता. घाम कपाळावरून कानात जात होता. एक हात लांब मी होतो आणि मला हलता येत नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं चाललं होतं. वारा उशाशी टांगलेला आणि उपाय सगळ्या गावाला विचारले जात होते. खोलीत वाऱ्याची एक झुळूक येईल आणि मी निदान खिळ्यावर हलेन, म्हणून मी दाराकडे डोळे लावून बसायचो. गोणपाट हलत नव्हतं.

गोजराबाई आलीच. तिनं गोणपाट बाजूला सारून डोकं आत घातलं आणि हे गोवर नाही, उष्णता आहे, भरपूर पावडर लावा असं मंगलाच्या कानात सांगितलं. उष्णता हे तिचं बरोबर होतं, आणि पुढचं चुकीचं. शकुबाई पाणी आणायला गेली की मंगला फळीवरचा पावडरीचा डबा काढायची आणि यशीच्या मानेत, काखेत मूठ मूठ पावडर भरायची. त्या गुलाबी डब्याला मी पहिल्यापासून ओळखून होतो. दिसायला नटवा, वासाला गोड आणि कामाला शून्य. तेलावर घाम, घामावर पावडर, आणि त्याचा मानेच्या घडीत लगदा झाला. पुरळ वाढला. काही फोडांत पाणी धरलं. पोरगी आगीतून फुफाट्यात पडली. दोघी बायकांचा जीव तिच्यावर होता, आणि दोघी मिळून तिला भाजत होत्या.

मग यशीचं रडणं बदललं. आधी ती तारस्वरात रडायची, आता नुसती कण्हायला लागली. दूध तोंडात धरायची आणि सोडून द्यायची. अंग तापलं. शकुबाईनं कपाळाला हात लावला आणि ताप भरला, आता गोवर पुरता बाहेर येईल, असं म्हणत तिनं गोधडीवर आणखी एक चादर घातली.

भिकन कामावरून आला तेव्हा मंगला यशीला छातीशी धरून दारात उभी होती. तिला दवाखान्यात जायचं होतं. आणि शकुबाई दार अडवून उभी होती. एरवी या सासूसुनांचा आवाज शेजारी जात नसे.

"आत्याबाई, पोरगी दूध घेत नाही. मला जाऊ द्या," मंगला म्हणाली.

"भाईर वारा सुटलाय. पोरीला न्यायची नाय."

"मग इथं काय बघत बसू? हिचं काही झालं तर?"

शकुबाईचा हात चौकटीवर होता. तिनं माझ्याकडे बघितलं. ती घरात आल्यापासून पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे नीट बघितलं.

"बुधाला म्याच वारा घातला व्हता," ती म्हणाली. "असाच इंझणा व्हता. लाल काठाचा."

भिकनला आपल्या आधी एक भाऊ होता आणि तो गेला, एवढंच माहीत होतं. म्हणून तर त्याचं नाव भिकन. पहिलं मूल गेलेल्या घरात दुसऱ्याला असं भीक मागून आणल्यासारखं नाव देतात, म्हणजे मरणाची नजर त्याच्यावर जात नाही, अशी जुन्या लोकांची समजूत. पण बाकीचं आईनं त्याला कधी सांगितलं नव्हतं. आता ती दारातच खाली बसली आणि तिनं सांगितलं. बुधा दीड वर्षाचा होता. अंगभर गोवर आला, ताप हटेना, पोरगा तळमळत होता. तिला बघवलं नाही. तिनं विंझणा घेतला आणि त्याला वारा घातला. तो जरा शांत झाला. सकाळी अंगावरचा पुरळ मावळलेला होता आणि पोरगा गेलेला होता. सासू म्हणाली, तूच वाऱ्यानं गोवर आत घातलास. सगळी आळी तेच म्हणाली. तेव्हापासून तिनं विंझणा हातात धरला नाही, अगदी स्वतःसाठीसुद्धा.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. शकुबाईची गत त्याहून वाईट. ती फुंकर घालायलाच भीत होती. आणि मी वेडा, तिला माझी किंमत नाही म्हणून रुसून बसलो होतो. तिच्या लेखी माझी किंमत केवढी होती, हे मला त्या दिवशी कळलं. खिळ्यावर टांगलेला असूनही मला कुठेतरी तोंड लपवावंसं वाटलं.

भिकननं आईला धरून उठवलं. पोरीला बाहेर न्यायची नाही तर राहू दे, दवाखानाच घरी आणतो, असं म्हणून तो सायकल घेऊन गेला.

पलीकडच्या गल्लीत सुलाबाई राहायच्या. त्या नगरपालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या. देवीची लस टोचायला त्या घरोघर हिंडलेल्या होत्या, त्यामुळे त्यांना बघून वसाहतीतली निम्मी पोरं अजूनही पळून जायची. त्या आल्या त्या गोणपाट सारूनच. आत पाऊल टाकल्याबरोबर पदरानं तोंड पुसलं आणि खिडकी उघडायला सांगितली. कुणी हललं नाही. मग त्यांनी स्वतःच चिंध्या उपसल्या.

चादर काढली, गोधडी काढली, सदरा काढला. यशीच्या अंगातून वाफ निघाल्यासारखी मला वाटली. सुलाबाईंनी तिचे डोळे पाहिले, तोंडात पाहिलं, कानामागे पाहिलं, छातीला कान लावला. थर्मामीटर काखेत धरून बसल्या. शकुबाई भिंतीला चिकटून उभी होती.

"आजी, हा गोवर दिसत नाही," सुलाबाई म्हणाल्या. "गोवर आधी ताप, खोकला, लाल डोळे घेऊन येतो आणि कानामागून, तोंडावरून खाली उतरतो. हिचं तोंड बघा, स्वच्छ आहे. जिथं लोकर टोचली आणि घाम साचला तिथंच उठलंय. घामोळं आहे हे."

"आन ताप?"

"ताप गुंडाळल्यामुळे असावा. असावा म्हणतेय मी, छातीवर हात मारून सांगत नाही. उघडी ठेवा, सारखं पाजत राहा. दिवेलागणीपर्यंत अंग निवलं नाही, नाहीतर दूध घेतलं नाही, तर वारा बघू नका की काही बघू नका, तशीच उचलून दवाखान्यात आणा."

मग त्यांनी मंगलाला समोर बसवून सगळं करून दाखवलं. साध्या पाण्यानं अंग धुतलं, बर्फासारखं गार नाही आणि कढतही नाही. मानेतला पावडरीचा लगदा हळूहळू भिजवून काढला. जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं घड्यांमधलं पाणी टिपलं, चोळलं नाही. तेल नको, पावडर नको, लोकर तर नकोच. सैल सुती झबलं घाला, आणि पोर घरातच असेल तर तेही नको. नखं कापा म्हणजे ती खाजवून फोडणार नाही. फोडांत पू दिसला किंवा ताप पुन्हा चढला तर थांबायचं नाही. गुलाबी डबा त्यांनी उचलून पार वरच्या फळीवर, पिपामागे ठेवला. त्या क्षणी मला झालेला आनंद चांगला नव्हता, पण झाला खरा.

"आणि वारा घाला," जाता जाता त्या म्हणाल्या. "विंझणा टांगलाय कशाला?"

शकुबाईच पुढे झाली. तिनं बुधाचं सांगितलं, दोन वाक्यांत. आणि विचारलं, "मंग त्यो वाऱ्यानं नाय गेला?"

सुलाबाई उंबऱ्यातून परत फिरल्या आणि तिच्यासमोर बसल्या.

"वाऱ्यानं कुणाचं लेकरू जात नाही, आजी. गोवर छातीत उतरला असेल. तेव्हा कुणाला काही करता आलं नसतं. तुम्ही वारा घातला, तेवढा वेळ त्याला बरं वाटलं. तेवढंच त्याला मिळालं, आणि ते तुमच्या हातून मिळालं."

शकुबाईनं मान हलवली नाही, डोळे पुसले नाहीत. तिला पटलं की नाही हे मला समजेना. इतक्या वर्षांचं ओझं असं एका वाक्यानं थोडंच उतरतं?

मंगलानं मला खिळ्यावरून काढलं. अहाहा, मित्रांनो! पहिल्या फेऱ्याला मी इतका जोर लावला की उशाजवळचा निंबाचा डहाळा उडून कोपऱ्यात गेला. मंगला घालत राहिली. भिकन घालत राहिला. पण अंग काही लगेच निवेना. यशी डोळे मिटून पडली होती. मी वर जात होतो, खाली येत होतो आणि प्रत्येक फेऱ्याला तिच्या तोंडाकडे बघत होतो. आता निवेल, आता निवेल. दुधाला तोंड लावलं की नाही? नाही. उन्हं खिडकीतून सरकत होती. दिवे लागायला फार वेळ उरला नव्हता.

तेवढ्यात बाहेर घागरींचा खडखडाट झाला. नळाला पाणी आलं होतं. वसाहतीचा नळ संध्याकाळी जेमतेम थोडा वेळ चालायचा, आणि त्या दिवशी घरात पाण्याचा थेंब नव्हता. होतं नव्हतं ते सगळं यशीला धुण्यात गेलं होतं. रांग मोठी, त्यात दोघांनी गेल्याशिवाय भांडी भरायची नाहीत. मंगलानं मला यशीच्या अंगाशी ठेवलं, सासूकडे पाहिलं आणि घागर उचलून गेली. तिच्यामागे भिकनही गेला.

खोलीत आम्ही तिघं उरलो. यशी, शकुबाई आणि मी.

वारा थांबला तशी यशी चुळबुळ करायला लागली. मान इकडून तिकडे घासू लागली. मग कण्हली. शकुबाई भिंतीशीच होती. ती पुढे आली, बसली, मला बघितलं आणि पुन्हा मागे सरली. तिनं तोंडानं फुंकर घालून पाहिली. म्हातारीची फुंकर ती केवढी असणार? मी जमिनीवर पालथा पडून मनात ओरडत होतो, घे, घे मला, उशीर करू नकोस. विंझण्याचं ओरडणं कुणाला ऐकू येतं? यशीनं डोळे उघडले आणि हात वर केला.

शकुबाईनं मला उचललं.

तिची मूठ इतकी घट्ट होती की दांडी कुरकुरली. पहिला फेरा इतका हळू होता की त्यानं बटसुद्धा उडाली नसती. साळूबाईनं मला तिथंच उसवलं असतं. दुसरा फेरा थोडा मोठा. मग हात बसला. सुपानं भात पाखडणारे ते हात, त्यांना लय शिकवावी लागत नव्हती. ती यशीकडे बघत होती आणि तोंडातल्या तोंडात बोलत होती.

"घे माजे बाय, वारा घे. बुधाला बी आसाच आवडायचा."

मग ती रडली. वारा घालता घालता रडली, हात न थांबवता. माझ्या लाल काठावर तिच्या डोळ्यांतलं पाणी पडलं आणि माझ्याच वाऱ्यानं वाळलं. मी आयुष्यात पुष्कळ जणांना वारा घातला, पण त्या संध्याकाळी मी नुसत्या यशीला घालत नव्हतो हे मला कळत होतं.

मंगला भरली घागर घेऊन आली तेव्हा दिवे लागले होते. तिनं घागर खाली ठेवायच्या आधी यशीच्या कपाळाला हात लावला. अंग निवलं होतं. तिनं पोरीला जवळ घेतलं आणि यशी लुचुलुचु दूध प्यायला लागली. शकुबाईला थांब म्हणायला कुणी धजेना. तिनं तसाच दोघींना वारा घातला.

पुढच्या काही दिवसांत घामोळं सुकलं. कोंड्यासारखी साल निघून गेली आणि कातडी पुन्हा गुळगुळीत झाली. लोकरीचा सदरा गाठोड्यात गेला. शकुबाई मात्र वेगळीच बाई झाली. दर वैशाखात ती मला काखेत मारून वसाहतीत हिंडायला लागली. कुणाच्या तान्ह्याच्या डोक्याला टोपडं दिसलं की गाठ सोडायचीच, आईला न विचारता. गोजराबाईनं एकदा नातवाला पावडरीत लोळवलं होतं, तर शकुबाईनं तिला चारचौघांत ऐकवलं. दोघी महिनाभर बोलत नव्हत्या. आपणही दारावर गोणपाट टांगलं होतं हे शकुबाई कुणापासून लपवत नसे. आधी तेच सांगायची आणि मग पोराचा सदरा काढायची. पुढे गोवराचीही लस निघाली, तेव्हा सुलाबाईंच्या रांगेत पोरं धरून सगळ्यांत पुढे तीच उभी असायची.

विजेचा पंखा आला, एका दिवाळीनंतर खरंच आला. छताला टांगलेला, तीन पात्यांचा, गरगर फिरणारा. फिरून फिरून तो तिथल्या तिथेच असतो, जवळ कुणाच्या जात नाही. पण जोर आहे त्याच्यात, खोटं कशाला बोलू? मी मागे पडलो. वीज गेली की माझी आठवण व्हायची. काठ फाटला तेव्हा शकुबाईनं यशीच्या जुन्या झबल्याची पट्टी शिवून दिली, म्हणून आज माझा अर्धा काठ लाल आणि अर्धा पिवळ्या फुलांचा आहे.

गेल्या उन्हाळ्यात शकुबाई अंथरुणाला खिळली. पंख्याचा आवाज तिला सोसत नव्हता. यशी आता शाळेत जाते. शाळेला सुट्टी होती, म्हणून ती आजीजवळ बसून मला हलवायची. गावाकडून भेटायला आलेल्या एका नातेवाइकानं तिला टोकलं, की आजारी माणसाला वारा घालू नये, बाधतो. यशीचा हात थांबला. मीही हवेतच थांबलो. शकुबाईनं डोळे उघडले.

"घालू दे," ती म्हणाली. "वाऱ्यानं कुणी जात नाय."

यशीनं पुन्हा वारा घातला. शकुबाई गेली ती त्याच वाऱ्यात.

मित्रांनो, आता मी पुन्हा खिळ्यावर आहे. माझी पाती विटली आहेत, दांडी सैल झाली आहे. मला जपा असं मी म्हणणार नाही, माझं काय, शिंदी अजून ओढ्याकाठी आहे. तुमच्या घरातलं लहान भावंड जपा. उन्हाळ्यात त्याला गुंडाळू नका, तेलात बुडवू नका, पावडरीत पुरू नका. अंग धुवा, टिपा, मोकळं ठेवा. आणि कळेनासं झालं तर दार अडवू नका, दवाखान्याची वाट धरा. घरातलं मोठं माणूस घाबरलेलं दिसलं तर त्याच्यावर रागावण्याआधी विचारा, की तुम्हाला कशाची भीती वाटते? मी विचारलं नाही, नुसता रुसून बसलो.

बघा, बोलता बोलता हललो. यशीनं खिडकी उघडली वाटतं.